बोहल्यावर नसलेला मामा

(बाळकुम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ठाण्याच्या माणसाला बाहेरगावी गेलं की एक विनोद फुकट मिळतो. ‘ठाण्याहून आलात? सोडलं का तुम्हाला?’ विचारणारा हसतो, आपणही हसतो, तेवढ्यात चहा येतो. पुणेकरांच्या नशिबी हाच विनोद येरवड्याच्या नावानं असतो. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, आपलं ठाण्याचं १९०१चं आणि खाटांच्या हिशेबात सगळ्यांत मोठं येरवड्याचं. ठाण्याच्या मंजूर खाटा १८५०. सव्वाशे वर्षांत त्या खाटांवर किती घरांतली माणसं झोपून गेली असतील याचा अंदाज करा. पण ‘माझी आजी तिथं होती’ असं चारचौघांत सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलं. आता त्याच रुग्णालयाच्या जागेवर, ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये, नवं रेल्वे स्टेशन उभारायचं काम हाती घेतलेलं आहे. उद्या निम्मं ठाणं सकाळी डबा घेऊन तिथूनच गाडी पकडेल. विनोदाचं मग काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मी मनोविकारांच्या क्षेत्रातली सामाजिक कार्यकर्ती. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती घरात कुठं ठेवली जाते हे बघायला आम्ही जातो. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एका कार्टून सिनेमाचं नाव सांगितलं आणि फोनवर पलीकडचा आवाज जरा बारीक झाला. गुरुजींच्या स्मृतीला कार्टून? पण ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणितसुद्धा गोष्टीतून शिकवायचे, असं त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं मध्ये पडून सांगितलं, म्हणून मी आज इथं उभी आहे.

सिनेमा आहे ‘एन्कान्टो’. डिस्नेचा, २०२१चा. पुढच्या वर्षी त्याला उत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तुमच्या घरातल्या पोरांनी तो पाहिलेला आहे, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून त्याची गाणी ऐकलेली आहेत. कोलंबियातल्या डोंगरात एक एकत्र कुटुंब राहतं. आजी कर्ती. घरातल्या बहुतेकांना एकेक दैवी देणगी मिळालेली. एकीच्या हातचं खाल्लं की जखम भरते, एक गाढवं उचलते, एकीच्या मनःस्थितीप्रमाणे पाऊस पडतो. आजीच्या एकुलत्या मुलाला, ब्रुनोला, पुढचं दिसतं. आणि तिथंच त्याचा घात होतो. कोणाच्या मासोळीचं मरण, कोणाचं पोट सुटणं, कोणाचं टक्कल, जे सांगितलं ते झालं. मासोळ्या मरतातच, पोटं सुटतातच; पण सांगणारा मिळाला की दोष ठेवायला जागा होते. शेवटी ब्रुनो नाहीसा होतो, आणि घरात नियम होतो की त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. हा नियमच एका गाण्याचा विषय आहे. २०२२च्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ज्याच्याबद्दल बोलायचं नाही, त्याच्याबद्दल सगळं घर पूर्ण गाणंभर बोलतं. आपल्याकडे हे गाणं ओट्यापाशी, दार लोटून, खालच्या आवाजात होतं, एवढाच काय तो फरक.

दहा वर्षं सगळे समजतात की ब्रुनो घर सोडून गेला. तो गेलेला नसतो. तो त्याच घराच्या भिंतींच्या आत, पोकळीत, उंदरांच्या सोबतीनं राहत असतो. जेवणघराच्या भिंतीला तडा आहे. त्या तड्याच्या मागे त्यानं एक मोडकं टेबल लावलंय आणि त्यावर स्वतःची ताटली रंगवून ठेवलीय. पलीकडे घर जेवायला बसलं की अलीकडे हा बसतो. सिनेमात हे दृश्य थोडक्यात उरकतं. पोरं उंदरांना हसत असतात. मी मात्र तिथं सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायला उठले, कारण ही खोली माझ्या पाहण्यातली होती.

नायिका मिराबेल ही ब्रुनोच्या बहिणीची मुलगी. म्हणजे ब्रुनो हा मामा. परदेशी लेखकांना ठाऊक नसेल, पण मराठी प्रेक्षकाला याचा अर्थ वेगळा लागतो. आपल्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो. अंतरपाट धरलेला, भटजींची मंगलाष्टकं चाललेली, आणि तिच्या पाठीशी मामा उभा. त्या जागी मामा नसेल तर पहिल्या पंगतीच्या आत प्रश्न येतो: ‘मामा दिसले नाहीत?’

एक घर सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. बाळकुम नाक्यापासून फार लांब नाही. मामा चाळिशीकडे झुकलेला, स्किझोफ्रेनियाचा आजार पंधरा-एक वर्षांचा, औषध नियमित. घरातला किराणा तोच आणतो, हिशेब चोख. भाचीचं लग्न ठरलं आणि मुलाकडच्यांना सांगितलं गेलं की मामा दुबईला असतात, सुट्टी मिळत नाही. लग्नाच्या दिवशी त्याला शेजारच्या बंद फ्लॅटमध्ये बसवलं, जवळ मसालेभात आणि जिलेबीचा डबा. हल्ली लग्नाचं थेट प्रक्षेपण करतात, यूट्यूबची लिंक सगळ्यांना पाठवतात. भाचीनं ती गुपचूप मामालाही पाठवली. बोहल्यावर तिला आणलं आईच्या चुलतभावानं. पुढच्या भेटीत मी मामाला विचारलं, कसं झालं लग्न? तो म्हणाला, ‘त्याने तिचा हात नीट नव्हता धरला. पायरीला शालू अडकला तिचा. मी असतो तर आधी शालू बघितला असता.’ मग डब्याबद्दल बोलला. जिलेबी मऊ पडली होती.

भिंतीचा तडा आता मोबाइलच्या पडद्याएवढा झालाय, इतकंच.

त्या घरात गोळ्या च्यवनप्राशच्या रिकाम्या बरणीत असत. पाकिटावरचं औषधाचं नाव कात्रीनं कापून टाकलेलं, पाहुण्यांच्या हाती पडलं तरी कळू नये म्हणून. एकदा पावसात गोळ्या संपल्या, डॉक्टर गावाला गेलेले, आणि आई मेडिकलवाल्यासमोर उभी राहून सांगत होती, ‘ती हो, छोटी, पांढरी, मध्ये रेघ असलेली.’ दुकानातल्या निम्म्या गोळ्या छोट्या, पांढऱ्या आणि मध्ये रेघ असलेल्या असतात. चार दिवस औषध चुकलं. पाचव्या दिवशी आजार परत आला आणि सगळे म्हणाले, ‘बघा, याचं असंच आहे.’

लग्न हे या साऱ्या लपवाछपवीचं मूळ आहे, आणि त्यात कायद्याचाही थोडा हात आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वधू किंवा वराला विवाहाला अपात्र ठरवणाऱ्या मानसिक आजाराचा उल्लेख आहे, आणि आजार लपवून लग्न केलं तर ते रद्द करून मागता येतं. याच यादीत एकेकाळी फेपरंही होतं. ते काढायला १९९९ साल उजाडावं लागलं. पण हे सगळं ज्याचं लग्न आहे त्याच्यापुरतं. भाऊ, बहीण, मामा, आत्या यांच्याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. ते कलम आपण आपल्या मनानं जोडलंय. आनुवंशिकतेचं म्हणाल तर स्किझोफ्रेनिया शंभर माणसांत साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहा, मामाला असेल तर तीन-चार. म्हणजे मामा आजारी असलेल्या शंभर भाच्यांपैकी शहाण्णवांना काही होत नाही. मधुमेहाच्या बाबतीत एवढा हिशेब केला तर ठाणे जिल्ह्यात एक लग्न होणार नाही.

सिनेमातही सगळं लग्नातच बिनसलेलं असतं, हे लक्षात घ्या. ब्रुनोवर सगळ्यांत मोठा आरोप असा की बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तो ‘पाऊस येईलसं वाटतं’ म्हणाला आणि वादळ झालं. पुष्कळ पुढे तो सांगतो, की ते भविष्य नव्हतंच. बहीण घाबरून घामाघूम झालेली दिसली, म्हणून तिला हसवायला केलेली ती थट्टा होती. एकदा माणसावर शिक्का बसला की त्याची थट्टासुद्धा लक्षण ठरते. आमच्या कामात हे रोज दिसतं. आजारी माणूस चिडला, आजार वाढला. गप्प बसला, आजार वाढला. भाजीत मीठ जास्त आहे म्हणाला, ‘गोळी घेतलीस का?’ अहो, भाजी खारट असू शकते.

आणि डोलोरेस! या कुटुंबातल्या त्या मुलीला दूरचं, बारीकसं, सगळं ऐकू येतं. शेवटी कळतं की मामा भिंतीत आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. त्याचं पुटपुटणं ती रोज ऐकत होती. बोलली नाही. मला या सिनेमात सर्वांत ओळखीची वाटली ती हीच. प्रत्येक मजल्यावर एक डोलोरेस असते. वरच्या फ्लॅटमध्ये रात्री कोण येरझाऱ्या घालतं, कोणाच्या घरात दुपारी दार बाहेरून लावलेलं असतं, तिला सगळं ठाऊक असतं. ती वाईट नाही. तिला वाटतं, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोला.

आजीवर मात्र रागावू नका. पोरं चिडतात तिच्यावर. पण या बाईनं तान्ही तिळी मुलं कडेवर असताना नवरा डोळ्यांदेखत गमावला, घर गमावलं, आणि एका मेणबत्तीच्या भरवशावर सगळं परत उभं केलं. ती मेणबत्ती विझली तर गावातलं स्थान जाईल, आसरा जाईल, ही तिची धास्ती आहे. आपल्याकडे त्या मेणबत्तीला अब्रू म्हणतात. ज्यांनी ती शून्यातून कमावली त्यांनाच तिच्या विझण्याची भीती जास्त असते. खाडीकाठच्या शेतातून, कोळीवाड्यातून, नाही तर घाटावरून येऊन कारखान्यात लागलेल्या माणसानं दोन खोल्यांचं घर केलं, मुलं शिकवली. त्यातला एक एकविसाव्या वर्षी भिंतीशी बोलायला लागला तर तो काय करेल? शेजारी बोलावून सांगेल? शिवाय आजारी माणसाला सांभाळणं हे सिनेमात दाखवतात तसं गोड नसतं. रात्र-रात्र जागं राहणं, फुटलेला टीव्ही, पोलीस चौकीत जाऊन मागितलेल्या माफ्या. हे करणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, आणि तिच्या कंबरेचा एक्स-रे काढायला कोणाला वेळ नसतो.

आता माझं या सिनेमाशी भांडण कुठं आहे ते सांगते. परदेशातल्या आणि इथल्याही पुष्कळ लोकांनी ब्रुनोत आपला आजार पाहिला. तो लाकूड ठोकतो, खांद्यावरून मीठ उडवतो, श्वास धरून ठेवतो. मंत्रचळाचा त्रास असलेल्यांना तो आपला वाटला यात नवल नाही. पण सिनेमा शेवटी काय सांगतो? की ब्रुनो निर्दोष होता. त्याला दिसायचं ते खरं होतं. तो भाचीला वाचवण्यासाठीच नाहीसा झाला होता. गैरसमज दूर झाला, मामा घरात आला. छान. पण ज्याला दिसतं ते खरं नसतं, त्याचं काय? शेजारी आपल्या डोक्यात यंत्र बसवतायत असं ज्याला वाटतं, त्याचा गैरसमज दूर व्हायचा तो होईल. त्याच्याबद्दलचा आपला समज बरोबरच आहे, तो आजारीच आहे. त्याला ताट वाढायचं की नाही?

निर्दोष ठरला तरच ताट, ही अट डिस्नेनं शोधलेली नाही. आपल्या मातीतही ती आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक पुरुष बंकटलाल अग्रवालांना दिसला. पाणी येईपर्यंत तो गुरांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन मोकळा झाला होता. गजानन महाराजांच्या प्रकट होण्याची ही कथा घराघरात वाचली जाते. भक्तांनी राग मानू नये, मी श्रद्धेबद्दल बोलत नाही. त्यापूर्वीही सहाशे वर्षं मागे गेलात तर ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आहेत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि ईश्वरही म्हणत. आपण अवलियाला ओळखायला शिकलो ही फार मोठी गोष्ट आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. पत्रावळीवरचं खाणारा प्रत्येक जण काही महाराज निघत नाही.

शेगावच्या त्या प्रसंगानंतर ११० वर्षांनी, १९८८च्या सुमारास, मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दाम्पत्य एका हॉटेलात बसलं होतं. समोर एक हडकलेला, केस वाढलेला तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पीत होता. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं, आंघोळ घातली, उपचार केले. बरा झाल्यावर कळलं की तो पॅथॉलॉजीचा पदविकाधारक, आंध्र प्रदेशातला, चांगल्या घरचा. वर्तमानपत्रांना हा शेवट फार आवडतो, की बघा, गटारातलं पाणी पिणारा शिकलेला निघाला! मला आवडतो तो आधीचा भाग. त्याला उचललं तेव्हा तो कोणीच निघालेला नव्हता. यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं, पुढं कर्जतला केंद्र झालं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार द्यायचे आणि देशभरातल्या त्यांच्या घरी नेऊन पोचवायचं हे त्यांचं काम. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या कल्याणवरून पुढं जाणाऱ्या कर्जत लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर हे घडतंय.

मराठी सिनेमानं ही अट फार आधी मोडली आहे, याचा मला अभिमान आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४चा. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष स्किझोफ्रेनियानं आजारी आहे. चित्रपटाच्या शेवटी तो द्रष्टा ठरत नाही, की ठणठणीत होत नाही. बहीण त्याला आपल्या घरी आणते, दमते, चिडते, नवऱ्या-मुलांत ओढली जाते, तरी ठेवून घेते. या सिनेमामागे उभे होते मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला विमागणित शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, आणि ते हे उघड सांगत. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. प्राध्यापक माणूस, परदेशात स्थिरावलेला; गप्प बसला असता तर कोणी विचारलं नसतं. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली आय.पी.एच. ही मनोआरोग्य संस्था सुरू केली, आणि नौपाड्यात त्या पायऱ्या चढणारा माणूस ‘कुठं निघालात?’ याचं खरं उत्तर देऊ शकतो एवढा फरक या तीन-साडेतीन दशकांत पडला. सगळ्यांना नाही, पण पडला.

कायदा तर आपल्या पुढे गेला आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस कमालीच्या ताणाखाली होता असं त्यात धरलं जातं. त्याच्यावर खटला नाही, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं आहे. आणि एकोणिसावं कलम म्हणतं, घर नाही, किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. फार सुंदर कलम आहे. पण आमचा अनुभव ऐका. केसपेपरवर पत्ता लिहिताना नातेवाईक चाळीचं नाव बरोबर देतात आणि खोली नंबर चुकवतात. गाव बरोबर, तालुका चुकीचा. मोबाइल नंबरात एक आकडा कमी. माणूस बरा होतो, पत्र जातं, परत येतं. त्याला स्वतःला पत्ता आठवतो, तो सांगतो, आपण जातो, तर घर विकून माणसं बदलापूरच्या पुढं गेलेली. कलम मग कोणाच्या दारात नेऊन ठेवायचं?

तुम्ही बाळकुमकर आहात म्हणून एक आठवण करून देते. जून २०२०मध्ये इथंच १०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. त्या दिवसांत घराला पट्टी लागली की लोक तोंड लपवत, दूधवाला यायचा थांबे, रुग्णवाहिका गल्लीच्या टोकाला उभी करायला सांगत. आज तोच माणूस लग्नात वाढप्याला थांबवून सांगतो, ‘मला दोनदा झाला होता, ऑक्सिजन ऐंशीवर गेला होता.’ दोन-तीन वर्षांत एका आजाराची लाज गेली. ती भाषणांनी गेली नाही. प्रत्येक घरात एक तरी निघाला आणि सगळे बोलायला लागले, म्हणून गेली. निम्हान्स या राष्ट्रीय मनोआरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला कुठला ना कुठला मानसिक आजार होता. दहात एक. म्हणजे इथंही प्रत्येक रांगेत निघतोच; बोलायचं तेवढं राहिलंय.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. ‘टेलिमानस’ची सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, नंबर फळ्यावर लिहिलाय. प्रश्न चिठ्ठीवर द्यायचे आहेत आणि चिठ्ठीवर नाव लिहू नका असं संयोजकांनी सुचवलंय. त्यांचा हेतू चांगला आहे. ज्याला लिहायचं असेल त्यानं खुशाल लिहावं. ‘आमच्या ओळखीत एक जण आहे’ अशी सुरुवात केलीत तरी मी पूर्ण उत्तर देईन. फक्त चालू औषधाबद्दल विचारायचं असेल तर त्याचं नाव पूर्ण लिहा. छोटी, पांढरी, मध्ये रेघ असलेली, एवढ्यावर मला काही सांगता येणार नाही.